माझा धक्का लागला

पुंडलिकजींना लहान मुलं आवडत होती असं कोणी म्हणालं, तर मी आजही भांडायला उठेन. कापूस खरेदी केंद्रावर ते कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर आणि मी वजनकाट्यावरचा बाबू, असे आम्ही कितीतरी हंगाम सोबत काढले. तेवढ्या काळात मी त्यांना कधी एखाद्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवताना पाहिलं नाही, की 'तुझं नाव काय रे' असं विचारताना ऐकलं नाही. अंगणात पोरं दंगा करायला लागली की हा माणूस आतून कडी लावून घ्यायचा. तेव्हा माया, कळवळा असले शब्द त्यांच्यासाठी वापरू नका. त्यांना जे होतं ते दुखणं होतं, आणि त्या दुखण्यानं त्यांचं घर खाल्लं.

केंद्र आर्वीच्या वाटेवरच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कोणाच्या जिवाला घोर नको. पुंडलिकजी उंच, वाळके, आणि उजवी बाही सदा कोपराच्या वर दुमडलेली, कारण दिवसभर तो हात शेतकऱ्यांच्या बैलबंडीतल्या कापसात घालायचा असे. हातावरच्या केसांत कापसाची तूस अडकलेली असायची, ती ते झटकतही नसत. बोलणं तुटक. शेतकऱ्याचा चहा प्यायचे नाहीत. राग नाकावर, तोही मोठ्या माणसांवरच निघायचा.

ते दुखणं लोकांना कसं दिसायचं, ते सांगतो. आर्वीच्या बसस्टँडसमोरच्या एका हॉटेलात आम्ही दोघं कोपऱ्यातल्या बाकावर बसलो होतो. पलीकडे दाराजवळ खेड्यातली एक बाई, सोबत तिचं तीनेक वर्षांचं पोरगं. पोरानं जिलबीकडे हात केला आणि टेबलावरच्या कपबशा खाली गेल्या. काच फुटल्याचा आवाज आला की हॉटेलातल्या प्रत्येकाला काहीतरी बोलावंसं वाटतं, हा आपल्याकडचा नियमच आहे. एक म्हणाला, "पोट्टं हाय का भूत?" दुसरा म्हणाला, "सांभाळता येत नाई तं आनता काऊन?" मालक गल्ल्यावरून उठला. त्यानं पोराला हात लावण्याआधी बाईनंच पोराच्या पाठीत घालायला हात उगारला. परक्यानं मारण्यापेक्षा आपण मारलेलं बरं, हे गरीब आयांना कोणी शिकवावं लागत नाही. तेवढ्यात पुंडलिकजी उभे राहिले.

"माझा धक्का लागला," ते म्हणाले.

मालक त्यांच्याकडे पाहतच राहिला. "तुमी तं तिकडं बसले होते."

"माझा हात लांब हाय."

विषय संपला. नुकसान त्यांनी भरून दिलं, आणि बाहेर पडताना त्या बाईवरच डाफरले, "लेकराले भिंतीकडून बसवत जा, बाई. एवढी अक्कल नाई का?" ती बिचारी दोन शब्द बरे बोलायला तोंड उघडत होती, ते तिनं मिटून घेतलं.

दुसऱ्यांदा वर्ध्याच्या एसटीत. उन्हाळा होता, गाडी गच्च. एका बाईच्या मांडीवरचं पोर शेजारच्या गृहस्थांच्या अंगावर ओकलं. गृहस्थ कुठे तरी पोरगी पाहायला निघालेले, परीटघडीचं धोतर, टोपीला कडक इस्त्री. त्यांनी पोराचा दंड धरला. पुंडलिकजी मागून म्हणाले, "खिडकी म्या लावून घेतली, जी. वारा लागला नाई, म्हनून लेकराले भडभडलं." खिडकी सताड उघडी होती. पण चिडलेल्या माणसाला ओरडायला कोणीतरी हवं असतं, खिडकीकडे कोण पाहतो. त्या गृहस्थांनी वर्धा येईपर्यंत पुंडलिकजींची आई-बहीण काढली. पुंडलिकजींनी आपला दुपट्टा त्यांना पुसायला दिला आणि दांडी धरून खाली मान घालून सगळं ऐकलं. आपण यांच्यासोबत आहोत हे दिसू नये म्हणून मी बाहेर पाहत होतो.

वर्ध्याला उतरल्यावर मी म्हटलं, "कशाला नसत्या फंदात पडता हो तुम्ही?"

"मले शिव्या लागत नाईत, बाबू," ते म्हणाले. "लेकराले लागतात."

गावात त्यांना मागून 'धक्केवाले' म्हणायचे. कोणी म्हणे डोक्यात फरक आहे, कोणी म्हणे पुढची निवडणूक लढवायची असेल. मला कारण माहीत होतं. त्या दिवशी मी काट्यावरच होतो.

त्याआधीचे पुंडलिकजी वेगळे होते. ओला कापूस पकडण्यात त्यांचा हातखंडा. वजन वाढावं म्हणून काही जण कापसावर पाणी मारून आणायचे, वरून कोरडा आणि आत ओला. पुंडलिकजी बंडीत कोपरापर्यंत हात घालायचे, डोळे मिटायचे, आणि तळातला मूठभर सरकी-कापूस ओढून बाहेर काढायचे. ओला निघाला की ती मूठ डोक्याच्या वर धरून सगळ्या यार्डासमोर पिळायचे. थेंब पडला की लोक हसायचे, त्या शेतकऱ्याची मान खाली जायची, आणि हे म्हणायचे, "कापूस खोटं बोलत नाई. मानूस बोलते." लाचेला कधी शिवले नाहीत. पण आपल्या प्रामाणिकपणाचा असा रोज तमाशा मांडायला त्यांना फार आवडायचं, हेही खरं. दुसऱ्या कोणत्या ग्रेडरनं मूठ पिळून दाखवलेली मी पाहिली नाही.

खरेदी सरकारी झाल्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. यार्डाबाहेर बंड्यांची रांग लागायची आणि नंबर येईपर्यंत मुक्काम पडायचा. रोहण्याकडचा एक शेतकरी बायकोला आणि चार वर्षांच्या पोराला घेऊन आला होता. कापूस द्यायचा, बाजार करायचा, पोराला नवा सदरा घ्यायचा आणि घरी जायचं, एवढाच बेत. थंडीचे दिवस, म्हणून पोरगं बंडीतल्या कापसावरच गोधडी घेऊन झोपलेलं. सकाळी त्यांचा नंबर लागला. पुंडलिकजींनी हात घातला, मूठ काढली, वर धरली आणि पिळली. थेंब पडले.

"पानी मारलं," ते म्हणाले. लोक हसले.

"नाई जी साहेब. लेकराची शप्पथ, पानी नाई मारलं." शेतकरी हात जोडून उभा होता. पण असं तर सगळेच म्हणायचे.

पुंडलिकजींनी मूठ नाकाशी नेली. आणि त्यांना कळलं. पुंडलिकजी सच्चे होते हो. आपण निरपराध माणसाला चारचौघांत चोर ठरवलं, हे त्यांना क्षणभरही सोसलं नाही. ज्या आवाजात अब्रू घेतली त्याच आवाजात ती परत द्यायची म्हणून सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "पानी नाई. मूत हाय. पोट्टं मुतलं कापसावर. हा मानूस चोर नाई."

यार्डात जो हशा पिकला तसा मी नंतर कधी ऐकला नाही. एक जण ओरडला, "साहेबाले मुताचा वास घ्याले लावला बे यानं." दुसरा म्हणाला, "याचा भाव वेगळा काढा, जी." चोर म्हटलं तेव्हा तो शेतकरी हात जोडून उभा होता. हसले तेव्हा त्याचा चेहरा बदलला. पोरगं बंडीवर जागं होऊन बसलं होतं. सगळे हसताहेत असं पाहून तेही हसायला लागलं. बापानं त्याचा पाय धरून खाली ओढलं. त्याला एक थापड मारायची असेल, त्याहून जास्त काही नाही. पोरगं सरळ आलं नाही. डोकं चाकाच्या लोखंडी धावेवर आपटलं.

हसणं थांबायला थोडा वेळ लागला, कारण मागच्या लोकांना काय झालं ते दिसलं नव्हतं. दवाखान्यात नेईपर्यंत पोर गेलं. बंडीवरून पडलं असं बापानं सांगितलं आणि कोणी दुसरं काही सांगितलं नाही. पोराच्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, पुंडलिकजींकडेही पाहिलं नाही. ती भोवतीच्या माणसांकडे एकेक करून पाहत होती, आणि जो तो दुसऱ्याच्या मागे सरकत होता.

त्यानंतर पुंडलिकजींनी मूठ कधी पिळली नाही. ओला कापूस सापडला की शेतकऱ्याच्या कानाशी जाऊन सांगायचे, वाळवून आण म्हणायचे. आणि हे 'माझा धक्का' सुरू झालं ते तेव्हापासून. त्या पोराबद्दल ते माझ्याजवळ एकदाच बोलले. "पानीच हाय म्हनाले पायजे होतं म्या, बाबू. तो मानूस चोर ठरला असता, कापूस घेऊन घरी गेला असता. म्या खरं बोललो म्हनून लेकरू गेलं." मी म्हटलं, तुमचा काय दोष, मारलं बापानं. ते म्हणाले, "बापाचा नुसता हात होता."

त्यांचा हा उपाय दर वेळी लागू पडायचा असंही नाही. एका शेतकऱ्याच्या घरच्या लग्नात आम्ही जेवायला गेलो होतो. बौद्ध वस्तीतली माणसंही आली होती, त्यांची पंगत अर्थातच वेगळी, बाभळीखाली. त्यांच्यातलं एक लेकरू खेळता खेळता इकडे धावत आलं, ठेचकाळलं, आणि पाण्याच्या पिंपात त्याचा हात कोपरापर्यंत बुडाला. वाढणारे जागच्या जागी थांबले. एका म्हाताऱ्यानं पोराचा कान धरला. पुंडलिकजी पुढे झाले. "पिंपात हात म्या घातला. तहान लागली होती." आणि तिथलंच पेलाभर पाणी काढून ते सगळ्यांसमोर प्याले.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "तुमचा हात चालते, पुंडलिकजी. हात कोनाचा ते आमाले दिसलं."

पिंप उपडं केलं. पोराचा कान सोडला, पण त्याच्या बापाला बोलावून घेतलं; दुसरं पाणी त्याच्या हातचं चालणार नव्हतं, म्हणून त्याला नुसतंच उभं करून बोलले. पुंडलिकजी जेवले नाहीत. सायकल काढून सरळ घरी आले.

आता आगीचं सांगतो. ऐंशीच्या पुढची गोष्ट. कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, होऊन गेली होती, शेवटच्या गंज्या यार्डात होत्या, ऊन रणरणत होतं. मजूर बायका सावलीत बसून कवडी वेचायच्या, म्हणजे किडका-डागी कापूस वेगळा काढायच्या. त्यांच्यात एक लक्ष्मी होती, तिची पोरगी मंदा, असेल पाच वर्षांची. यार्डात विस्तव आणायला मनाई. तरी चहावाला शेडच्या मागे शेगडी मांडायचा, आणि चहा सगळ्यांनाच लागायचा, म्हणून कोणी बोलत नसे. वाऱ्यावर कापसाचा पुंजका उडत होता, मंदा वर पाहत त्याच्यामागे गेली, मग वारा फिरला तशी उलट्या पावली मागे आली. शेगडी तिच्या टाचेला लागून कलंडली. मी हे काट्याच्या खोलीच्या दारातून पाहिलं. पुंडलिकजी माझ्याहून जवळ होते.

जमिनीवर तूस पसरलेली. आग आधी तुशीवरून पळाली, मग गंजीवर चढली. माणूस कोणी दगावला नाही, पण एक गंजी सबंध गेली आणि शेडही गेलं. पाणी मारून दमलेले हमाल, ट्रकवाले, बंडीवाले मग पोरीकडे वळले. एकानं तिचा दंड धरून तिला उचललंच. लक्ष्मी तिला मारत होती, रडत होती आणि तिला सोडा म्हणतही होती. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "फेका तिले त्याच गंजीत." बोलणारा तसा साधा माणूस असेल, घरी त्याचीही पोरं असतील. गर्दीत माणसाची जीभ त्याची राहत नाही.

"सोडा तिले," पुंडलिकजी म्हणाले. "शेगडीले माझा पाय लागला."

"तुमचा?"

"माझा. शेगडी मांडाले म्याच सांगतलं होतं."

पोरीला खाली ठेवलं. गर्दी गप्प झाली, कारण साहेबाला धरून उचलता येत नव्हतं. पुंडलिकजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाबू, तुमी काटा पाहून राह्यले होते. तुमाले काई दिसलं नाई." ती विनंती नव्हती. चहावाल्याला काही सांगावं लागलं नाही, तो मनातून सुटकेचा श्वास टाकत होता.

नोकरी गेली. कोर्टाचे हेलपाटे सुरू झाले. त्यांची मुलगी शोभा, तिचं साक्षगंध झालेलं होतं, लग्न जवळ आलं होतं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, सरकारी कापूस जाळणाऱ्याच्या घरची पोरगी आम्हाला नको. त्या दिवशी मी त्यांच्या घरी होतो. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या, "पाच वर्साच्या पोरीले कोनी जेलात टाकत नाई. जा, खरं सांगून मोकळे व्हा."

"सरकार नाई मारत," ते म्हणाले. "बाप मारते."

"अन् आपल्या शोभाले कोन मारून राह्यलं, ते दिसत नाई का तुमाले?"

शोभा आतल्या खोलीत होती, दार उघडंच होतं. मी वहिनींच्या बाजूचा होतो, आणि आजही आहे. लोकांच्या पोरासाठी स्वतःच्या पोरीचं वाटोळं करावं, हे कोणत्या धर्मात बसतं ते मला कळलेलं नाही. पण पुंडलिकजी हलले नाहीत. शेवटी शोभाला यवतमाळकडच्या एका बिजवराला दिली, त्याला आधीची दोन लेकरं. पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली नाही. वहिनी रोज भांडायच्या. भांडी घासताना, पोळ्या लाटताना, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. हे ऐकून घ्यायचे. शिव्या लागत नाहीत म्हणायचे, पण तसं काही नव्हतं. एकेका वर्षात माणूस पाच-पाच वर्षांनी म्हातारा होत गेला. तुशीनं छाती आधीच खाल्ली होती, आता दम्यानं धरलं.

पुढे काही हंगामांनी लक्ष्मी पुन्हा केंद्रावर कवडी वेचायला आली. सोबत मंदा, आता मायसोबत कामाला बसलेली. ती डाव्या हाताने वेचत होती. उजवा हात कोपरातून वाकडा जुळलेला, सरळ होत नव्हता. मी लक्ष्मीला विचारलं, हे कसं झालं.

"आगीच्याच दिवशी," ती खाली पाहत म्हणाली. "साहेबानं आपल्यावर घेतलं, जी. पन यार्डातल्याच कोनीतरी तिच्या बापाले खरं सांगतलं. संध्याकाळी त्यानं लाकडाची पाटी घेऊन मारलं."

मी उठून काट्याच्या खोलीत जाऊन बसलो. एवढं सगळं गेलं, नोकरी, इभ्रत, शोभाचं घर, आणि त्याच्या बदल्यात जे वाचलं असं समजत होतो तेही वाचलं नव्हतं.

पुंडलिकजींचं जास्त झाल्याचं कळलं म्हणून त्याच आठवड्यात मी भेटायला गेलो. भिंतीला उशी लावून ते टेकून बसले होते, श्वास आवाज करत होता. बाही अजून वर दुमडलेली. वहिनी चुलीजवळ. इकडचं तिकडचं बोलणं झालं, कापूस यंदा कसा आहे, नवीन ग्रेडर कसा आहे. मग त्यांनी विचारलं, "ते पोरगी कशी हाय, बाबू? लक्ष्मीची? तुमाले दिसत असन ना तिकडं."

मी खोटं बोलायला फार कच्चा आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता यांना कळणार.

चुलीकडून वहिनी म्हणाल्या, "चांगली हाय. परवा बाजारात दिसली मले. मायनं बांगड्या भरून देल्या होत्या. दोन्ही हात वर करकरून दाखवून राह्यली होती, हे असे सरळ."

मी मान वळवून वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. मंदाचा हात त्यांना माहीत होता. केव्हापासून, कोणाकडून, देव जाणे. इतकी वर्षं त्या नवऱ्याशी भांडल्या, त्याला नको नको ते बोलल्या, पण हे एक कधी बोलल्या नाहीत.

"मारलं नाई ना तिले कोनी?" पुंडलिकजींनी विचारलं.

"कोन मारन?" वहिनी म्हणाल्या. "तुमी होते ना तिथं."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या रिकाम्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि बाबू केव्हाचे आले आहेत, त्यांना अजून चहा का दिला नाही म्हणून ते वहिनींवर खेकसले. वहिनींनी चुलीवर आधण ठेवलं.